सात वर्षांचा खंड

आमच्या शेजारच्या घरात साडेदहाला शाळा भरायची. बरोबर साडेदहाला पितळी शिट्टी वाजायची, पुढच्या खिडकीतून एक हिरवं निशाण बाहेर यायचं, दोनदा हलायचं आणि आत जायचं. मग मुख्याध्यापक हजेरी घ्यायला बसायचे. पटावर विद्यार्थिनी एकच. तरी त्या हजेरीला कधी चार मिनिटं लागायची, कधी सात.

मी तेव्हा नोकरीत होते. ऑफिसला निघताना कुलूप लावता लावता भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "जुई पिंगळे?" आणि मग बराच वेळ काही नाही. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, "एका पोरीच्या हजेरीला एवढा वेळ! वर्गात पन्नास मुलं असती तर शाळा सुटेपर्यंत हजेरीच चालली असती." हे हसायचे. ह्यांना कुणीही काहीही सांगितलं तरी हे हसतात, त्यामुळे माझ्या विनोदाची खरी किंमत मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेली नाही.

मुख्याध्यापक म्हणजे बाळाभाऊ पिंगळे. सगळं माधव नगर त्यांना गार्डसाहेब म्हणतं. मालगाडीचे गार्ड होते. छत्तीस वर्षं शिट्टी फुंकली, निशाण दाखवलं आणि गाडी कुठे किती मिनिटं थांबली, का थांबली, हे वहीत लिहिलं. रिटायर ते झाले, शिट्टी झाली नाही. दूधवाला आला की ते दारावरच्या कागदावर वेळ टाकत. "आज अकरा मिनट लेट. कारण?" दूधवाला बिचारा रोज नवं कारण शोधून आणायचा. शेवटी त्यानं म्हैस बदलल्याचंही सांगून पाहिलं.

घरात ते, सून सुनीता आणि नात जुई. मुलगा आजारपणात गेला तेव्हा जुई आठ वर्षांची होती. त्या आजारपणात गार्डसाहेबांचा फंड गेला आणि पेन्शनीतून हप्ते सुरू झाले. सुनीता इंदूरला एका हॉस्पिटलात नर्स. सकाळच्या पहिल्या बसनं देवास गेटच्या बसस्टँडवरून निघायची, दिवेलागणीला परत यायची. जुई पाचवी झाली आणि गार्डसाहेब एक दिवस शाळेत जाऊन तिची टी.सी. घेऊन आले.

मी भिंतीवरून विचारलं, "काय हो, का काढली?"

"गाडी चुकीच्या लाइनवर होती, वहिनी. वळवून घेतली."

"मग आता कुठे घालणार?"

"कुठेच नाही. घरीच शिकेल. मी आहे ना."

मी आत येऊन ह्यांना म्हटलं, "म्हातारा सटकलाय." हे हसले.

घरी शिकणं म्हणजे मला वाटलं, पोर सकाळी लोळेल, दुपारी टीव्ही बघेल. छे! मी नोकरीत असलेल्या कॉलेजात नव्हती तेवढी शिस्त त्या दोन खोल्यांत होती. वेळापत्रक होतं, हजेरीपट होता, तिमाही-सहामाही होती. पालकसभासुद्धा होती! एका रविवारी मला 'प्रतिष्ठित नागरिक' म्हणून लेखी निमंत्रण आलं. मी चांगली साडी नेसून गेले. गार्डसाहेब आधी खुर्चीवर बसले आणि मुख्याध्यापक म्हणून अहवाल वाचला. "गणित उत्तम. अक्षर बेशिस्त." मग उठले, चष्मा काढला, टोपी घातली आणि समोरच्या स्टुलावर येऊन बसले.

"सर, पालक म्हणून माझी तक्रार आहे," रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "गृहपाठ फार देता. पोर दमते."

परत उठले, टोपी काढली, चष्मा लावला, खुर्चीवर बसले. "नोंद घेतली."

पुढच्या आठवड्यात गृहपाठ निम्मा झाला. आमच्या कॉलेजात तक्रारीवर एवढी झटपट कारवाई झालेली मी कधी पाहिली नाही.

एकदा त्यांना ताप आला. त्यांनी स्वतःलाच रजेचा अर्ज केला आणि 'पूर्वसूचना नाही, सबब नामंजूर' असा शेरा मारून तो परत केला. मग पांघरुणात पडून भूगोल शिकवला. तिसऱ्या दिवशी सुनीतानं अर्जाला डॉक्टरचा कागद जोडला तेव्हा कुठे अर्धी रजा मंजूर झाली. हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचे. बायका डबा खाता खाता ठसका लागेपर्यंत हसायच्या. गार्डसाहेबांच्या जिवावर मी तिथे मोठी विनोदी बाई म्हणून प्रसिद्ध होते.

जूनमध्ये शाळेची सहल निघायची, वेधशाळेत. आपल्या उज्जैनच्या अगदी जवळून कर्कवृत्त जातं आणि त्या सुमारास एक दिवस भर दुपारी माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. एका वर्षी मीही गेले. ऊन असं की डोकं उकळतंय, आणि गार्डसाहेब घड्याळ धरून उभे. जुई दोन्ही पाय जुळवून उन्हात. सावली आखडत आखडत चपलांपाशी आली आणि गार्डसाहेब ओरडले, "गेली!"

शेजारी इंदूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातला माणूस दचकून म्हणाला, "क्या गया, बाबूजी? मोबाइल?"

"सावली!"

तो माणूस आपल्या बायकोला हळूच लांब घेऊन गेला. जुई मात्र हसत होती. तोंडावर हात धरून, आवाज न करता. पोर मुळातच घुमी, असं मी धरून चालले होते. माझ्याशी कधी बोलायची नाही. मान हलवायची, वाटी द्यायची, वाटी न्यायची. बोलताना अडखळते हे मला माहीत नव्हतं असं नाही. अडखळते म्हणजे लाजते, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवून टाकणं हे माझं त्या वेळचं मुख्य काम होतं.

आता त्या बाईविषयी सांगते, म्हणजे त्या वेळच्या माझ्याविषयी. एका ट्रस्टच्या कॉलेजात प्रवेश विभागाच्या खिडकीत मी बसायचे. वय साठीला टेकलेलं, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. पोर्टल आलं, अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा वाटलं आपली सद्दी संपली. पण पोर्टललासुद्धा शेवटी कागद बघून 'सत्यापित' म्हणणारा माणूस लागतो. तो माणूस मी. मुलं माझ्यामागे मला 'ठप्पेवाली मैडम' म्हणायची. मला ते बिरुद वाटायचं! कुणाचा कागद कमी निघाला की मला आतून एक गार झुळूक यायची. "कल आना" म्हणताना माझा आवाज फार गोड व्हायचा असं माझी सहकारी सांगते. खोटं बोलत नसावी.

जुई मुक्त विद्यालयातून दहावी आणि बारावी झाली, तीही अशा मार्कांनी की कॉलनीत दोन दिवस गार्डसाहेबांना कुणी वेडं म्हटलं नाही. तिला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं. ते गावात आमच्याकडे चांगलं होतं. शिवाय हुशार मुलींना आमच्या ट्रस्टची तिन्ही वर्षांची पूर्ण फीमाफी होती. त्या फीमाफीवरच त्या घरानं सगळा हिशेब बांधला होता. सुनीता मला फाटकाशी भेटली तेव्हा म्हणाली, "काकू, तेवढं झालं तर बघा. नाहीतर एवढी फी आम्हाला झेपायची नाही." मी म्हटलं, "अगं, मी बसलेय ना तिथे!"

बसले होतेच मी तिथे.

कागद तपासणीचा शेवटचा आठवडा होता. जुई खिडकीशी आली, मागे गार्डसाहेब, त्यांच्यामागे वीस-पंचवीस पोरापोरींची रांग. मी फाइल उघडली. बारावीची मार्कशीट, मायग्रेशनचा दाखला, फोटो, सगळं ठीक. आणि टी.सी. पाचवीची.

"मागची शाळा कोणती?" मी विचारलं.

जुईनं तोंड उघडलं. शब्द येईना. ओठ जुळले, मान थोडी पुढे झाली, डोळे मिटले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे जल्दी बोल ना, बहन." कुणी हसलं.

"लवकर सांग गं. मागे लाइन आहे."

गार्डसाहेबांनी हात वर केला. "वहिनी, सिग्नल नाही मिळाला अजून. थांबा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जुई बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं की ते हे म्हणायचे, सुनीतालासुद्धा. मी म्हटलं, "इथे मी वहिनी नाही."

असं म्हटलं मी, सगळ्यांसमोर. आणि पोरीचं उत्तर मीच देऊन टाकलं. "घरीच होतीस ना? म्हणजे शाळेत नाही. म्हणजे खंड." पोर्टलवर एक रकाना होता, 'अध्ययन में अंतराल'. त्यात मी 'हां' केलं आणि पुढे सात वर्षं भरली.

त्या खिडकीतली शांतता मला ओळखीची वाटायला हवी होती. रोज सकाळी कुलूप लावताना मी तीच ऐकत होते. आधीच्या शाळेत हजेरीला पोर अडखळली की वर्ग हसायचा. बाई पुढच्या नावाकडे वळायच्या आणि हिची गैरहजेरी लागायची. वर्गात बसून गैरहजर! म्हणून गार्डसाहेबांनी शाळा काढली होती. शिट्टी, निशाण, पट, सगळा खटाटोप एवढ्यासाठी, की दिवसातून एकदा तरी तिला 'हजर' हा शब्द तिच्या तिच्या वेळात, कुणी न हसता, पुरता म्हणता यावा. हे मला सुनीतानं पुढे सांगितलं. मी कधी विचारलं असतं तर आधीही सांगितलं असतं.

पण खिडकीत मी म्हटलं, "खंडाचं शपथपत्र लागेल. नोटरीकडून. पालकाच्या सहीचं."

देवास गेटला टायपिंगवाल्याकडे असली शपथपत्रं तयार मिळतात, फक्त नाव आणि वर्षं भरायची. दुसऱ्या दिवशी गार्डसाहेब तो कागद घेऊन आले, सही न करता.

"यात लिहिलंय 'उक्त अवधि में अध्ययन बंद रहा'," ते म्हणाले. "बंद कुठे होतं?"

"अहो, ती नुसती भाषा असते. सगळे करतात सही."

"सगळे करत असतील. मी गार्ड होतो, वहिनी. गाडी थांबली नाही तर थांबली असं लिहिता येत नाही." आणि त्यांनी पिशवीतून सात हजेरीपट काढून माझ्या टेबलावर ठेवले. "बघा. रोजची नोंद आहे. मे महिना सोडून."

मी ते उघडले नाहीत. आता वाटतं, एक तरी उघडायला हवा होता. "हे घरचे कागद," मी म्हटलं. "इथे चालत नाहीत."

चार दिवस ते रोज येत होते आणि मी रोज तेच सांगत होते. ऑफिसात मी मैत्रिणींना म्हणाले, "बघू या कोण हटतं ते." खरं सांगते, मला मजा येत होती. शेवटच्या दिवशी दुपारचे चार वाजून गेले. खिडकी पाचला बंद. गार्डसाहेब बाकावर कागद मांडीवर घेऊन बसले होते. जुई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. बराच वेळ लागला. ते तिच्याकडे बघत राहिले, आम्हीही सगळे.

"आजोबा," ती म्हणाली, "क... करा सही. माझ्यासाठी."

त्यांनी केली. सवयीनं सहीशेजारी वेळही टाकली. सात वर्षं आपण नातीला काही शिकवलं नाही, असं लिहून दिलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. मी ठप्पा मारला. त्या संध्याकाळी मी घरी येऊन भजी तळली. ह्यांनी विचारलं, "आज काय विशेष?" म्हटलं, "काही नाही, काम संपलं."

प्रवेश झाला. महिन्याभरानं फीमाफीची यादी लागली. जुईचं नाव नाकारलेल्यांत होतं. कारण, सात वर्षांचा खंड.

मी जुन्या फायली काढल्या आणि परिपत्रक शोधलं. ते होतं. माझ्याच हातानं लावलेलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की खंड म्हणजे बारावीनंतरचा. मुक्त विद्यालयाच्या मुलांना मार्कशीट आणि मायग्रेशन पुरे, शपथपत्राची गरज नाही. म्हणजे तो रकाना मी भरायलाच नको होता. वर्षानुवर्षं शपथपत्र मागायची सवय, म्हणून मागितलं.

अजून दुरुस्ती होऊ शकत होती. हरकती घ्यायला आठ दिवस होते. एका पानाचं पत्र पुरलं असतं, 'नोंद माझ्याकडून चुकीची झाली' एवढंच, खाली माझी सही. पण तीन आठवड्यांनी माझा निरोपसमारंभ होता. शाल आली होती, भाषणं लिहून झाली होती. प्राचार्य म्हणणार होते की या बाईंच्या हातून तीस वर्षांत एक कागद चुकला नाही. मी परिपत्रक फाइलीत परत लावलं. चांगलं नीट, पंचानं भोकं जुळवून.

समारंभ झकास झाला. मी भाषणात नियमांचं महत्त्व सांगितलं.

त्यानंतर तीन वर्षं गार्डसाहेब देवास गेटला बसस्टँडपाशी एका दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत होते. बहात्तरीचा माणूस, सकाळी दहा ते सात. मी एकदा ऑटोतून जाताना त्यांना पाहिलं. बाहेर पोरांची रांग आणि हे चष्मा कपाळावर ढकलून एकेकाला सांगतायत, "पहले पूरा पढ़ो, फिर भरो." मी पदर ओढून घेतला आणि ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, पीछे वाली गली से ले लो." त्या गल्लीतून जाण्याचं मी पुढे तीन वर्षं एवढं मनावर घेतलं, की ऑटोवाल्यांना वाटायचं म्हातारीचं तिथे काहीतरी देवदर्शन असावं.

शेजारून संक्रांतीला तिळगूळ येत राहिला, चैत्रात डाळ-पन्हं. गार्डसाहेब भिंतीवरून विचारायचे, "काय वहिनी, राइट टाइम?" मी म्हणायचे, "राइट टाइम." फीमाफीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

जुई पास झाली, पुढचंही शिकली. आता पुण्यात विमा कंपनीत आकड्यांचं काम करते. सुनीताही तिच्याकडे गेली. गार्डसाहेब मात्र गेले नाहीत. "पुण्यात ट्रॅफिकचे सिग्नल फार, वहिनी. आपल्याला इथलंच बरं," म्हणाले.

आणि मग यंदा माझ्या लेकाचा बंगलोरहून व्हिडिओ कॉल आला. सून शेजारी, तीच बोलली. "आई, आम्ही तन्वीला शाळेतून काढतोय. घरीच शिकवणार. तुम्ही ॲडमिशनमध्ये होता ना? पुढे कॉलेजला काही अडचण? ते गॅप-बिप लावतात म्हणे."

"काही गॅप नाही," मी ठणकावून म्हटलं. "मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायच्या. मार्कशीट आणि मायग्रेशन ठेवायचं. खंड म्हणजे बारावीनंतरचा. कुणी शपथपत्र मागितलं तर सही करायची नाही. परिपत्रक मागायचं. फीमाफीचा अर्ज..."

"आई, किती पाठ आहे तुम्हाला!" सून म्हणाली.

मी फोन ठेवला. हे समोर बसले होते. त्यांना मी तेव्हाच सगळं सांगितलं, पहिल्यांदा, भज्यांसकट. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी गेले. गार्डसाहेबांनी दार उघडलं. घर इतकं आवरलेलं की कुणी राहतं असं वाटेना. मी बसले. बोलायला तोंड उघडलं आणि काही येईना. पाण्याचा पेला उचलला, ठेवला. हवेबद्दल बोलले. गुडघ्याबद्दल बोलले. ते ऐकत होते. शेवटी एकदाचं सांगून टाकलं. शपथपत्र लागत नव्हतं. रकाना मी चुकीचा भरला. पत्र द्यायला आठ दिवस होते, ते मी दिलं नाही, शालीसाठी.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"यादी लागली त्या आठवड्यातच परिपत्रक मिळालं. मी ट्रस्टच्या ऑफिसात विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, ज्यांनी नोंद केली त्यांचं पत्र आणा."

"मग माझ्याकडे का नाही आलात? भांडला का नाहीत?"

"जुई म्हणाली होती, काकूंना स्वतः कळेल, त्या येतील. आठ दिवस वाट पाहिली. मग मुदत गेली. मग म्हटलं, मुदत गेली म्हणून वाट बघणं कशाला थांबवायचं?" त्यांनी माझा पेला परत भरला. "लागतो एखाद्याला वेळ."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं. मी उठले आणि तशीच देवास गेटला गेले, पुढच्या रस्त्यानं. टायपिंगवाल्याला म्हटलं, एक शपथपत्र करायचंय. मजकूर मी सांगितला, की मी अमुक, माधव नगरची रहिवासी, शपथेवर सांगते की शेजारच्या घरात जुई पिंगळे हिचं शिक्षण सातही वर्षं रोज चालू होतं आणि ते मी स्वतः ऐकलं आहे.

नोटरी तरुण होता. दोनदा वाचून म्हणाला, "माताजी, ये किस काम आएगा?"

"किसी काम नहीं आएगा. ठप्पा मारो."

"किस दफ़्तर में लगाना है?"

"कहीं नहीं लगाना, भैया. ज़ोर से मारो."

संध्याकाळी मी तो कागद गार्डसाहेबांना दिला. त्यांनी चष्मा लावला. उजेडाकडे वळून सावकाश वाचला, परत वाचला.

"वहिनी, चूक आहे."

"आता काय?"

"'सातही वर्षं रोज' लिहिलंय. मे महिन्यात सुट्टी असायची."

"अहो गार्डसाहेब, एवढं कोण बघतं!"

"शपथेवर आहे."

मी समासात दुरुस्ती केली आणि सही केली. त्यांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला, हातानं सपाट केला. मला वाटलं, आता चहा विचारतील. पण ते त्या कागदाकडेच बघत होते.

"मालगाडीत पुढे इंजिनात दोघं असतात," ते म्हणाले. "बोलत जातात. गार्ड शेवटच्या डब्यात एकटा. बारा-बारा तास. कुणाशी शब्द नाही. सुरुवातीला माणूस स्वतःशी बोलतो, पुढे तेही सुटतं. मी रिटायर होऊन आलो तेव्हा मलाच बोलायचं जमेना, वहिनी. घरात कुणी काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. मग ती पोर घरी आली. तिलाही वेळ लागायचा. दोघांचं बरं चाललं."

त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"ती सही करताना मला खोटं लिहिल्याचं वाईट वाटलं, ते आहेच. पण नुसतं तेवढं नाही. तुमच्या त्या रकान्यात खंड म्हणून तीच सात वर्षं लिहिली गेली. आधीची छत्तीस कुणी विचारली नाहीत." त्यांनी खोलीभर एकदा पाहिलं. "आणि हे आत्ताचं."

माझ्याकडे नेहमीप्रमाणे दोन-तीन वाक्यं तयार होती. एकात थोडा विनोदही होता. घरी कुकर लावायचा होता, हे वाट बघत असतील असंही मनात आलं. मी बसून राहिले.